हवा ओढणारी गाडी आणि निदानाचे मोल

त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत रामटेकच्या गडाकडे जाणारा रस्ता गाड्यांनी भरून जातो. पुढची गाडी दहा फूट सरकते आणि थांबते. मागचीही तेवढीच सरकते. अशा रांगेत पेट्रोल इंजिनाचा खरा कस लागतो, कारण त्याचा बराचसा वेळ आयडलिंगवर, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, जातो. नेमक्या याच अवस्थेत एक जुना आजार डोके वर काढतो. इंजिनाचा आवाज आपोआप चढतो-उतरतो, टॅकोमीटरचा काटा हेलकावे खातो, क्लच सोडताना गाडी झटका देते, कधी बंदच पडते. रांग सुटली आणि गाडी मनसरच्या फाट्यावरून महामार्गाला लागली की जणू काही झालेच नव्हते. गॅरेजात मग ठरलेला क्रम सुरू होतो : आधी स्पार्क प्लग, मग कॉइल, मग इंजेक्टरची सफाई, शेवटी एखादा महागडा सेन्सर. बिल वाढत जाते आणि काटा हलतच राहतो. दोष पुष्कळदा बोटभर लांबीच्या तडकलेल्या रबरी पाइपात असतो. तो पाइप बदलणे पाच मिनिटांचे काम आहे. तो शोधणे ही विद्या आहे. आपल्याकडे पैसे मिळतात ते बदलण्याचे, शोधण्याचे नाहीत. हा व्यवहार उलटा आहे आणि तो सुलटा केला पाहिजे, हे या लेखाचे म्हणणे आहे.

‘व्हॅक्यूम लीक’ला गळती म्हटले की चित्र उलटे उभे राहते. टाकीतून पाणी गळते ते आतून बाहेर. इथे हवा बाहेरून आत शिरते. म्हणून मिस्त्री लोकांचा शब्द अधिक नेमका आहे : ‘गाडी हवा ओढते.’ पेट्रोल इंजिन पिचकारीसारखे हवा खेचत असते आणि त्याच्या तोंडाशी थ्रॉटलची चकती असते. पाय उचलला की चकती जवळजवळ मिटते. पिस्टन खेचत राहतात, वाट मात्र अरुंद झालेली असते, त्यामुळे चकतीच्या आतल्या बाजूला, मॅनिफोल्डमध्ये, हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांशावर येतो. व्हॅक्यूम गेजवर हीच गोष्ट पाऱ्याच्या इंचांत दिसते. निरोगी इंजिन आयडलिंगला समुद्रसपाटीवर १७ ते २१ इंच दाखवते. उंची वाढली की हा आकडा दर हजार फुटांमागे सुमारे एक इंचाने उतरतो, आणि रामटेक हजार फुटांच्या थोडे वरच आहे. इथे १६ दिसले म्हणून लगेच इंजिनाला दोष देता येत नाही. या पोकळीवर गाडीतली बरीच कामे चालतात. ब्रेक बूस्टर तिच्या जोरावर पायाचा दाब वाढवतो, पीसीव्ही व्हॉल्व्हमधून क्रँककेसमधली वाफ खेचली जाते, पेट्रोल टाकीची वाफ कॅनिस्टरमधून इंजिनात येते. जितक्या नळ्या, जितके सांधे, तितक्या जागी बाहेरची हवा आत घुसायला टपलेली असते.

भोक किती मोठे असले म्हणजे बिघडते? हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आतला दाब बाहेरच्या दाबाच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याखाली गेला की भोकातून शिरणारी हवा ध्वनीचा वेग गाठते आणि तिथेच अडते; पोकळी आणखी वाढली तरी हवा जास्त येत नाही. या नियमाने मोजले तर तीन मिलिमीटर व्यासाच्या भोकातून सेकंदाला एक ग्रॅमहून थोडी जास्त हवा शिरते. बाराशे सीसीच्या इंजिनाला आयडलिंगला सेकंदाला दोन-अडीच ग्रॅम हवा पुरते. म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढ्या भोकातून इंजिनाच्या निम्म्या श्वासाइतकी चोरटी हवा येते. तेच इंजिन पूर्ण जोरात पाच हजार फेऱ्यांवर पळताना पन्नास ग्रॅमच्या आसपास हवा घेते. शिवाय थ्रॉटल उघडल्यामुळे आत पोकळीच उरत नाही, म्हणून भोकातून येणारी हवा नगण्य होते. गडाच्या रांगेत रडणारी गाडी महामार्गावर शहाणी का होते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. जो दोष आयडलिंगला सर्वांत जास्त आणि वेगात सर्वांत कमी असतो, त्याला वेगळी ओळख असते. निदानाची सुरुवात ही ओळख पटण्यापासून होते.

त्यापुढे प्रश्न येतो तो गाडीच्या कॉम्प्युटरचा. पेट्रोल नीट जळायला एक भाग इंधनाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. काही गाड्यांत आत येणारी हवा थेट तोलणारा सेन्सर, एमएएफ, एअर फिल्टरच्या जवळ बसवलेला असतो. त्याच्या पुढे पाइप तडकला तर शिरणारी हवा तोललीच जात नाही. मिश्रण पातळ होते, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो आणि पी ०१७१ हा कोड येतो. आपल्याकडच्या पुष्कळ लहान गाड्यांत मात्र हवा तोलली जात नाही. मॅनिफोल्डमधला दाब मोजून तिचा अंदाज बांधला जातो. इथे चोरटी हवा आली की दाब वाढतो, कॉम्प्युटरला वाटते की हवा जास्त आली, आणि तो त्या मानाने इंधनही वाढवतो. मिश्रण जवळपास बरोबर राहते, चेक लाइट बहुधा लागतच नाही. वाढतात त्या फेऱ्या. मिटलेल्या थ्रॉटलला फेऱ्या वाढलेल्या पाहून कॉम्प्युटर इंधन तोडतो, फेऱ्या पडतात, तो पुन्हा इंधन देतो, फेऱ्या पुन्हा चढतात. मिस्त्री ज्याला ‘हंटिंग’ म्हणतात तो हाच झोका. भोक एकच असले तरी एका गाडीत ते अशक्तपणा दाखवते आणि दुसऱ्या गाडीत अस्वस्थपणा. परदेशी व्हिडिओतला उपाय आपल्या गाडीवर जसाच्या तसा लावून फसणाऱ्यांची चूक बहुधा इथे होते. गाडी हवा तोलते की दाबावरून अंदाज करते, हे आधी विचारले पाहिजे.

रामटेकसारख्या ठिकाणी या आजाराला पोषक कारणे बरीच आहेत. नागपूर जिल्ह्यातला उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. बॉनेटखाली, विशेषतः गाडी बंद करून उभी केल्यावर, तापमान त्याहून कितीतरी वर चढते. रबर या उष्णतेत हळूहळू कडक होते आणि मग वाकणाच्या जागी चिरते. पीसीव्हीच्या नळीत उलट घडते : तेलाच्या वाफेने ती मऊ होते, फुगते आणि सांध्यावर सैल पडते. थंडीच्या पहाटे रबर आणि पॅकिंग आकसतात, तेव्हा फट मोठी होते. इंजिन तापले की तीच मिटते, आणि दुपारी गॅरेजात नेलेली गाडी निरोगी भासते. हा धानाचाही पट्टा आहे, आणि कापणीनंतर आसरा शोधणाऱ्या उंदरांना उभ्या गाडीची ऊब आणि मऊ नळ्या दोन्ही सापडतात. महामार्गावरची मालवाहतूक, मनसरची मँगनीजची खाण आणि कच्चे रस्ते यांची धूळ वेगळीच. एअर फिल्टरनंतरच्या फटीतून आलेली हवा गाळलेली नसते. तिच्यातली बारीक वाळू पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत घासत राहते, आणि नुसते आयडलिंग बिघडवणारी नळी काही वर्षांनी इंजिन उतरवायला लावू शकते. सर्वांत गंभीर बाब ब्रेकची आहे. बूस्टरची नळी किंवा आतला पडदा फाटला की ब्रेक नाहीसे होत नाहीत, पण पेडल दगडासारखे कडक होते आणि गाडी थांबवायला कितीतरी जास्त जोर लागतो. गडावरून उतरताना बूस्टरची ही मदत गमावणे जिवावर बेतू शकते. डिझेल गाडीलाही यातून सूट नाही. तिच्यात आयडलिंग बिघडवणारी पोकळी नसते, पण ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आणि त्याची नळी फुटली की त्रास थेट ब्रेकलाच होतो.

शोधाची रीत साध्यापासून अवघडाकडे जाते, आणि हा क्रम मोडणे हीच सर्वांत महागडी चूक असते. पहिले साधन कान. शांत जागी, इंजिन आयडलिंगला ठेवून, हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे सांध्यांजवळून फिरवले तर फुसफुस नेमकी ऐकू येते. दुसरे साधन चिमटा. एकेक नळी मऊ जबड्याच्या पकडीने दाबायची; जी दाबल्यावर फेऱ्या ठिकाणावर येतात, दोष तिच्या पलीकडे. ब्रेक दाबताच आयडलिंग बदलले तर संशय बूस्टरच्या पडद्यावर. तिसरे साधन गेज. काटा स्थिर पण खाली असेल तर हवा शिरते आहे किंवा इग्निशन मागे पडले आहे. तो ठरावीक तालात झटका देत असेल तर दोष व्हॉल्व्हचा. चौथे साधन स्कॅनर. त्यातला ‘फ्युएल ट्रिम’ सांगतो की कॉम्प्युटर नेहमीपेक्षा किती टक्के इंधन वाढवून देतो आहे. हवा तोलणाऱ्या गाडीत आयडलिंगला हा आकडा २० आणि अडीच हजार फेऱ्यांवर ३ असेल तर गाडी हवा ओढते आहे. आकडा वेगाबरोबर वाढत गेला तर पंप किंवा फिल्टर इंधन पुरवत नाही. कोड दोन्ही वेळा एकच येऊ शकतो; फरक करतो तो वाचणारा.

काही ठिकाणी सांध्यांवर कार्ब क्लीनर फवारतात. द्रव फटीतून आत गेला की फेऱ्या बदलतात. रीत जुनी आणि उपयोगी आहे, पण द्रव ज्वालाग्राही आहे आणि तापलेला एक्झॉस्ट हातभर अंतरावर असतो. थोडे पाणी फवारल्यानेही फट क्षणभर मिटते आणि आवाज बदलतो. तेवढ्याने काम होत असेल तर आगीशी खेळायचे कारण नाही. सर्वांत खात्रीचे साधन धुराचे यंत्र. ते खनिज तेल तापवून दाट पांढरी वाफ तयार करते. इंजिन बंद ठेवून, हवा घेण्याचे तोंड बुचाने बंद करून, ही वाफ एक पीएसआय किंवा त्याहून कमी दाबाने आत सोडायची. जिथे फट असेल तिथून धुराची रेघ वर येते. दाब वाढवला तर चांगले सीलही उखडतात, म्हणून घाई चालत नाही. यंत्रालाही मर्यादा आहेत. बूस्टरच्या नळीतला एकेरी व्हॉल्व्ह हवा इंजिनाकडेच जाऊ देतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये सोडलेला धूर बूस्टरपर्यंत पोचतच नाही. त्याची परीक्षा वेगळी : इंजिन बंद करून पेडल चार-पाचदा दाबायचे, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करायचे, पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक. इंजिन तापल्यावरच उघडणारी फट थंड इंजिनात धूर दाखवत नाही. यंत्र उत्तर देते, पण प्रश्न माणसालाच विचारावा लागतो.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात, पण आग्रहाने. तडकलेल्या नळीवर चिकटपट्टी हा उपाय नव्हे. उष्णतेने ती सुटते आणि दोष पुन्हा लपतो. कूलंटची मऊ नळी कापून बसवली तर आतल्या पोकळीने ती चपटी होऊ शकते. तेल आणि पेट्रोलची वाफ सोसणारी, मापाची, ओढीने न मिटणारी नळीच हवी. मॅनिफोल्डचे पॅकिंग गेले असेल तर कडेने सिलिकॉन फासणे म्हणजे दोषावर पडदा टाकणे. पृष्ठभाग खरवडून साफ करावा, नवे पॅकिंग घालावे आणि बोल्ट मधून कडेकडे, कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने आवळावेत. प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड अंदाजाने आवळला की वाकतो आणि नवी फट तयार होते. शेवटी, काम झाल्यावर तोच फ्युएल ट्रिम आणि तेच गेज पुन्हा वाचावे. आकडा शून्याच्या जवळ आला तरच दुरुस्ती झाली. नुसता आवाज सुधारला म्हणून नव्हे.

मग हे सारे माहीत असलेला मिस्त्रीही प्लगपासून सुरुवात का करतो? कारण पावती. गॅरेजच्या पावतीवर दोन रकाने असतात, सामान आणि मजुरी, आणि मजुरी सामानाच्या मागे चालते. ज्याने पाऊण तास कान लावून, नळ्या चिमटून, आकडे वाचून चहा-नाश्त्याच्या किमतीची नळी बदलली, त्याला मिळते ती त्या नळीची मजुरी. ज्याने न शोधता चार भाग बदलले, त्याला चार भागांची मजुरी मिळते आणि सामानातला हिस्साही. दोघांत अप्रामाणिक कोणीच नसला तरी व्यवहार दुसऱ्याला पोसतो. पिढ्यान्‌पिढ्या असे चालले की शोधण्याची विद्या मागे पडते आणि शिकाऊ पोराला वाटते की दुरुस्ती म्हणजे बदली. म्हणून पावतीवर तिसरा रकाना हवा : निदान. त्याची रक्कम आधी ठरवलेली असावी, भाग बदलला न बदलला तरी द्यायची असावी, आणि तिच्याबदल्यात ग्राहकाला लिहून मिळावे की काय तपासले, काय सापडले, आधीचे आणि नंतरचे आकडे काय होते.

पहिला आक्षेप ठरलेला आहे : नुसते पाहण्याचे पैसे आपल्याकडे कोण देईल? पण विदर्भातला शेतकरी बोअर मारण्याआधी पाणाड्याला पैसे देतो. पाणाड्या एक थेंबही पाणी देत नाही, जागा दाखवतो. आणि त्याच्या काठीमागे कोणताही नियम सिद्ध झालेला नाही. तरी पैसे दिले जातात, कारण चुकीच्या जागी खोदण्याचा खर्च डोळ्यांपुढे असतो. गाडीतही चुकीच्या जागी खोदण्याचा खर्च आहे. तो फक्त कधी मांडून दाखवला जात नाही. दुसरा आक्षेप असा की नव्या गाड्या दोष स्वतःच सांगतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू आहे आणि दोष नोंदवणारी यंत्रणा त्याआधीपासून गाड्यांत आहे, हे खरे. पण कोड लक्षण सांगतो, कारण नाही. ‘मिश्रण पातळ’ हे वाक्य फुटक्या नळीलाही लागू पडते आणि थकलेल्या पंपालाही. दाबावर चालणाऱ्या गाडीत तर ते वाक्य बहुधा उमटतच नाही. तिसरा आक्षेप व्यवहारी आहे : दहा वर्षांच्या गाडीचे सगळेच रबर बदलून टाका. काही नळ्यांबाबत हा सल्ला योग्यच आहे. पण मॅनिफोल्डचे पॅकिंग, इंजेक्टरची ओ-रिंग, कॅनिस्टरची वाफ सोडणारा, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह आणि बूस्टरचा पडदा नळ्यांच्या यादीत येत नाहीत, आणि सरसकट बदलीत न दुखणारे सांधेही हलवले जातात.

अलीकडे या आजारावर आणखी एक पडदा पडला आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून गाडीची प्रत्येक कुरबुर त्याच्या माथी मारली जाते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे अशा इंधनाला १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास हवा पुरते. कॉम्प्युटरला थोडे जास्त इंधन द्यावे लागते आणि ट्रिम वर जातो. पण तो आयडलिंगपासून वेगापर्यंत सगळीकडे साधारण सारखाच वर जातो. चोरट्या हवेची खूण वेगळी : आयडलिंगला खूप, वेगात अत्यल्प. दोन ठिकाणचे दोन आकडे वाचले की वाद मिटतो. न वाचता ‘पेट्रोलच खराब’ म्हणणारा फुटकी नळी तशीच ठेवून ग्राहकाला घरी पाठवतो. आणि विजेच्या गाड्या आल्यावर ही विद्या कुणाला हवी, असे कुणी विचारले तर उत्तर रबराच्या वयात आहे. आज शोरूममधून निघणाऱ्या पेट्रोल गाडीच्या नळ्या आठ-दहा वर्षांनी तडकू लागतील, म्हणजे काम पुढच्या दशकातही राहील. त्यानंतरही विचाराची रीत उरेल : दोष कधी दिसतो, कधी लपतो, आणि त्या दोहोंत काय बदलते, हा प्रश्न बॅटरीलाही विचारावा लागतो.

रामटेकला हे घडवून आणता येईल अशी सामग्री आहे. नागपूर पन्नास किलोमीटरवर असल्यामुळे मोठ्या वर्कशॉपची वारी दिवस खाते, आणि वॉरंटी संपलेली गाडी गावातल्याच मिस्त्रीकडे येते. त्याच गावात १९८५ पासून कविकुलगुरू कालिदासाच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आयटीआयमधला मोटार मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा असतो. धुराचे यंत्र प्रत्येक गॅरेजने घ्यावे असे नाही. चार-पाच गॅरेजांनी मिळून एक घेतले किंवा महाविद्यालयाच्या कार्यशाळेने ठरल्या दिवशी ते उपलब्ध करून दिले तरी पुरेल. विद्यार्थ्याला फळ्यावर शिकवलेला ध्वनीच्या वेगाचा नियम खऱ्या नळीत दिसेल, मिस्त्रीला आपल्या कानाने पकडलेल्या फुसफुशीचा आकडा कळेल. यात दान किंवा उपकार कुणाचाच नाही; प्रत्येकाजवळ दुसऱ्याला हवे असलेले काहीतरी आहे.

मागणी शेवटी पावतीवरच्या एका ओळीची आहे. जुनी तडकलेली नळी ग्राहकाच्या हातात द्यावी, पावतीवर लिहावे की आयडलिंगचा ट्रिम २० होता तो २ वर आला, आणि त्यापुढे निदानाची रक्कम. ज्याने ही ओळ एकदा वाचली, तो पुढच्या वेळी गाडी आणताना ‘प्लग बदला’ म्हणणार नाही; ‘कुठे हवा ओढते ते बघा’ म्हणेल. असे विचारणारे ग्राहक वाढले की शोधणाऱ्या मिस्त्रीचे पोट त्या शोधावर भरेल, आणि शिकाऊ पोर हातात पाना घेण्याआधी नळीचे टोक कानाला लावेल.